वाहनचालकांचे प्रश्न : घाटाचा उतार, पुरातली गाडी आणि विकलेल्या गाडीचे चलन

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रे पावसाळी प्रवासाविषयी आहेत, आणि त्यांतील बऱ्याच पत्रांची सुरुवात ‘आम्हाला असे सांगण्यात आले की…’ अशी आहे. ऐकीव सल्ला नेहमी चुकीचाच असतो असे नाही. परंतु त्यामागचे कारण समजले नाही, तर तो कोठे लागू पडतो आणि कोठे नाही हे ठरवता येत नाही. म्हणून खालील उत्तरांत कारणे देण्यावर भर दिला आहे.

प्रश्न : आम्ही कराडहून कुंभार्ली घाटाने वरचेवर चिपळूणला जातो. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की पेट्रोल वाचते, असे आमचे शेजारी सांगतात. ते स्वतः तर उतारावर इंजिनही बंद करतात. हे कितपत योग्य आहे? (एक वाचक, कराड)

उत्तर : हे अत्यंत धोकादायक आहे, आणि ज्या बचतीसाठी ते केले जाते ती बचतही प्रत्यक्षात होत नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांच्या काळात या समजुतीला थोडाफार आधार होता. आजच्या गाड्यांत इंधन इंजेक्टरमधून येते आणि त्यावर संगणकीय यंत्रणेचे नियंत्रण असते. गाडी गिअरमध्ये असताना आपण अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला आणि इंजिनाचे फेरे पुरेसे असले, तर ही यंत्रणा इंधनाचा पुरवठा पूर्णपणे थांबवते. त्या वेळी चाकेच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो, त्यामुळे इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला सतत थोडे इंधन द्यावेच लागते. म्हणजे उतारावर गिअरमधली गाडी पेट्रोल पीत नाही आणि न्यूट्रलमधली गाडी पिते.

आता सुरक्षिततेचा भाग, जो पेट्रोलपेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. बाराशे किलो वजनाची गाडी ६०० मीटर उंचीचा घाट उतरते तेव्हा सुमारे ७० लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते; खोलीच्या तापमानाचे २० लिटर पाणी उकळीला आणण्यास ती पुरेल. यातील काही भाग हवेच्या आणि रस्त्याच्या अवरोधात जातो. उरलेला भाग गाडी गिअरमध्ये असेल तर बऱ्याच अंशी इंजिन पेलते. न्यूट्रलमध्ये तो सगळा चार चाकांच्या ब्रेकांवर येतो. ब्रेक तापले की त्यांची उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि ओलावा वाढत गेला की त्याचा उत्कलनबिंदू झपाट्याने खाली येतो. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल स्पंजासारखे मऊ लागते, खालपर्यंत जाते आणि गाडी थांबत नाही. म्हणूनच ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे असे बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत लिहिलेले असते. कोकणासारख्या दमट हवेत गाडी वापरणाऱ्यांनी हे काम पुढे ढकलू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

इंजिन बंद करण्याचा प्रकार तर याहूनही वाईट. ब्रेकला जोर देणारी निर्वात यंत्रणा इंजिनावर चालते. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीन वेळा पेडल दाबेपर्यंतच तिचा साठा पुरतो, त्यानंतर सर्व ताकद पायानेच लावावी लागते. पॉवर स्टिअरिंग जड होते. किल्ली पूर्ण मागे फिरवून बाहेर निघाली, तर स्टिअरिंग जागीच लॉक होण्याचा धोका असतो. आपल्या शेजाऱ्यांना हे कृपया समजावून सांगावे. त्यांच्या गाडीत घरची माणसेही बसत असतील.

घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही उत्तम आहे. गिअर उतार लागण्यापूर्वीच पाडावा. इंजिनाचे फेरे मिनिटाला तीन-साडेतीन हजारांवर गेले आणि आवाज वाढला तरी घाबरण्याचे कारण नाही. ब्रेकवर सतत हलका पाय ठेवण्याऐवजी वेग वाढल्यावर नीट दाबून तो कमी करावा आणि पाय पूर्ण काढावा, म्हणजे ब्रेकांना निवायला वेळ मिळतो. ऑटोमॅटिक गाडीत एल, २ किंवा मॅन्युअलची सोय असते, ती वापरावी. जळकट वास आला किंवा पेडल मऊ लागले तर खालचा गिअर टाकून सुरक्षित जागी थांबावे. तापलेल्या ब्रेकांवर पाणी ओतू नये, कारण एकाएकी थंड झाल्याने डिस्क वाकडी होऊ शकते किंवा तिला तडा जाऊ शकतो. शिवाय अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ देणे हे उतरणाऱ्याचे कायदेशीर कर्तव्य आहे.

प्रश्न : मागच्या पावसात आमच्या इमारतीखाली उभ्या असलेल्या गाडीत सीटपर्यंत पाणी आले. पाणी ओसरल्यावर ओळखीच्या मेकॅनिकने ती सुरू करून पाहिली. सुरू होताच मोठा आवाज होऊन इंजिन बंद पडले. आता विमा कंपनी इंजिनाचा खर्च देण्यास तयार नाही. यात आमची काय चूक झाली? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आपल्या भागाने जुलै २०२१चा पूर पाहिला आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. एअर फिल्टरमार्गे ते सिलिंडरमध्ये शिरले असेल आणि स्टार्टर मारला, तर वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आपण ऐकलेला आवाज बहुधा त्याचाच असावा. सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचे नुकसान भरून मिळते, मात्र ‘इंजिन प्रोटेक्शन’ हे जादा संरक्षण घेतलेले नसेल, तर पाणी शिरलेले इंजिन चालू करण्याच्या प्रयत्नात झालेले नुकसान कंपन्या सहसा नाकारतात. त्यांच्या मते इंजिन पुराने मोडलेले नसून किल्ली फिरवल्याने मोडलेले असते. आपण पॉलिसीची कलमे एकदा वाचून पाहावीत. सीट, वायरिंग, गालिचे अशा इतर भागांचा दावा स्वतंत्रपणे लावून धरता येईल. तोही नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि नंतर विमा लोकपालाकडे दाद मागता येते. ‘झिरो डेप्रिसिएशन’ (भागांची झीज वजा न करता भरपाई देणारे जादा संरक्षण) घेतलेले नसल्यास रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरी यांचे निम्मेच पैसे हाती येतील, हेही गृहीत धरावे.

पुढे अशी वेळ आली तर गाडी सुरू करण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नये. पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढावेत, पाणी ओसरल्यावर बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवावे, विमा कंपनीला कळवावे आणि गाडी उचलून नेणाऱ्या वाहनावरून सर्व्हिस सेंटरला पाठवावी. तेथे मेकॅनिकने प्रथम ऑइलची कांडी पाहावी. ऑइल दुधाळ, कॉफीच्या रंगाचे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे हे निश्चित. स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढल्याशिवाय आणि ऑइल व फिल्टर बदलल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही. विजेवरची किंवा हायब्रिड गाडी असेल तर नारिंगी वेष्टणाच्या तारांना घरच्या कोणी हातही लावू नये.

याच्याशी जोडलेली एक सूचना जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी करावीशी वाटते. ऑगस्ट २०१९च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरासारख्या प्रत्येक मोठ्या पुरानंतर बुडालेल्या गाड्या स्वच्छ करून दूरच्या जिल्ह्यांत विकल्या जाण्याचा संभव असतो. अशी गाडी ओळखण्यासाठी पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून पाहावा. धुलाईत सहसा हा पट्टा पूर्ण ओढला जात नाही, त्यामुळे आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची तपकिरी रेघ तशीच राहते. सीटखालच्या रुळांवरचा गंज आणि डिकीत स्टेपनीच्या खळग्यातली माती हीसुद्धा तितकीच बोलकी असते.

प्रश्न : समृद्धी महामार्गावर जाताना उन्हाळ्यात टायरमधील हवा कमी ठेवावी काय? आणि नायट्रोजन भरणे आवश्यक आहे काय? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : हवा कमी ठेवू नये. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो, त्याच्या बाजूच्या भिंती सतत वाकतात आणि त्यामुळेच तो आतून तापतो. १२० किलोमीटरच्या वेगाने तासन्‌तास सरळ धावताना, जसे ७०१ किलोमीटरच्या या मार्गावर होते, हीच उष्णता टायर फुटण्यास कारण ठरते. चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या तक्त्यात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे आकडे असतात. त्यातील योग्य आकडा सकाळी, टायर थंड असताना भरावा. प्रवासात मोजल्यास दाब काही अंकांनी वाढलेला दिसेल, तो काढून टाकू नये. साध्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन वाईट नाही, परंतु पंधरा दिवसांनी हवा तपासण्याच्या सवयीला तो पर्याय होत नाही.

टायरवर डॉट (DOT) या इंग्रजी अक्षरांनंतरच्या मालिकेतील शेवटचे चार अंक अवश्य वाचावेत. ‘२३१९’ म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर असा टायर बदललाच पाहिजे, आणि पावसाळ्यात मी तर ती मर्यादा येण्यापूर्वीच तो बदलण्यास सांगेन.

प्रश्न : माझी २०१६ची पेट्रोल गाडी पूर्वी लिटरला १५ किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज देत असे. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यापासून ते ११वर आले आहे. दोष पेट्रोलचाच आहे ना? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : काही अंशी आहे, सगळा नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे त्याचे मिश्रण वाढले की अ‍ॅव्हरेज घटणारच. आपल्या गाडीच्या पिढीतील चारचाकींसाठी नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात ही घट ६ ते ७ टक्के धरली होती. त्या हिशेबाने १५चे १४ होणे समजू शकते. ११ होण्यामागे दुसरे काहीतरी आहे. टायरची हवा, तुंबलेला एअर फिल्टर, जुने स्पार्क प्लग, पकडून राहिलेला ब्रेक हे आधी तपासून घ्यावे. थोडे अंतर सरळ रस्त्यावर चालवून एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापते का, हे हात जवळ नेऊन पाहिले तरी ब्रेकचा दोष समजतो. अ‍ॅव्हरेज मोजतानाही टाकी त्याच पंपावर पूर्ण भरून दोन-तीन टाक्यांची सरासरी काढावी.

आपल्या काळजीचा दुसरा भाग मात्र रास्त आहे. एप्रिल २०२३पासूनच्या नव्या गाड्या या मिश्रणासाठी तयार केलेल्या आहेत. त्यापूर्वीच्या अनेक गाड्यांतील रबरी नळ्या आणि गास्केट तशा नाहीत. दर सर्व्हिसिंगला इंधनाच्या नळ्या फुगल्या किंवा चिरल्या आहेत का हे पाहण्यास सांगावे, आणि इथेनॉल पाणी शोषत असल्याने गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीची ई-चलने अजून माझ्या मोबाइलवर येतात. घेणारा फोन उचलत नाही. आता काय करावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चलनांपेक्षा मोठी चिंता अपघाताची आहे. ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. त्या गाडीचा विमा संपलेला असताना एखादा अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी आपल्यावर येऊ शकते. त्यामुळे विक्रीचा करार, पैसे मिळाल्याची नोंद आणि घेणाऱ्याचे ओळखपत्र यांच्या प्रती जोडून परिवहन कार्यालयाला लेखी कळवावे, अर्जाची पोच घ्यावी आणि पोलिसांकडेही तक्रार नोंदवावी. प्रत्येक चलनावर ऑनलाइन हरकत घेताना हीच कागदपत्रे उपयोगी पडतील.

विक्रीच्या वेळी फॉर्म २९ आणि ३० या मालकी हस्तांतराच्या अर्जांवर सह्या करून ते कोरेच देऊन टाकण्याची पद्धत सर्रास आहे, आणि बहुतेक अडचणी तिच्यातूनच उद्भवतात. राज्यातल्या राज्यात हस्तांतर असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र घेऊन तो आधी उतरवावा. जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्याकडे गाडी सोपवली असेल, तर तशी सूचना ऑनलाइन नोंदवण्याची सोय १ एप्रिल २०२३पासून आहे. ती नोंद झाल्याखेरीज किल्ली देऊ नये. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट, आपला असतो, गाडीचा नव्हे. त्याचे प्रमाणपत्र विमा कंपनीकडून मागून घेतले तर नव्या गाडीच्या विम्यात स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. आणि काचेवरचा फास्टॅग आजच बँकेला सांगून बंद करावा, अन्यथा त्या गाडीच्या प्रत्येक टोलचे पैसे आपल्याच खात्यातून जात राहतील.