दूधसागर धबधबा हिमनदीने घडवलाय का?

नाही. पण तुमचा प्रश्न बिनबुडाचा नाही. लोंबत्या दरीतून, म्हणजे मुख्य दरीच्या तळापेक्षा बरीच वर उघडणाऱ्या बाजूच्या दरीतून, पडणारे धबधबे हिमनदीमुळे तयार होतात, हे तुम्ही पुस्तकात वाचलंत ते बरोबरच आहे. फोंड्यातल्या माझ्या शिकवणीतही पावसाळी सहलीनंतर कुणीतरी हे विचारतंच.

आधी हिमनदी कशी होते ते सांगतो. हिवाळ्यातला हिम जिथे उन्हाळ्यातही पुरता वितळत नाही, तिथे वर्षागणिक थर चढत जातात. ताज्या भुसभुशीत हिमात बहुतांशी हवाच असते. वरच्या ओझ्याने कण दाबले जातात, थोडे वितळून पुन्हा गोठतात, हवा निघून जाते किंवा बुडबुड्यांत अडकते आणि शेवटी घट्ट, निळसर बर्फ उरतो. दमट डोंगरांत याला काही दशकं पुरतात. अंटार्क्टिकाच्या आतल्या भागात शेकडो, कधी हजारो वर्षं लागतात. जाडी साधारण ३० मीटरपलीकडे गेली की खालचा बर्फ स्वतःच्याच वजनाने सरकू लागतो. वरचा थर मात्र ठिसूळ राहतो आणि त्याला भेगा पडतात. गिर्यारोहक धसका घेतात तो या भेगांचा.

जमीन कोरायचं बरंचसं काम बर्फात अडकलेले दगड करतात. तळाचं पाणी खडकाच्या फटींत शिरून गोठतं, तुकडे सुटतात, बर्फ ते ओढत नेतो आणि खालचा खडक किसणीवर धरल्यासारखा झिजवतो. नदी डोंगरात ‘व्ही’ आकाराची दरी कापते. हिमनदी तीच दरी रुंद, खोल, ‘यू’ आकाराची करते. बाजूने येऊन मिळणाऱ्या छोट्या हिमनद्यांत तेवढी ताकद नसते, त्यामुळे त्यांच्या दऱ्या वरच राहतात. बर्फ गेल्यावर तिथलं पाणी सरळ कड्यावरून खाली पडतं. स्वित्झर्लंडमधला श्टाउबबाख धबधबा असाच आहे, आणि उंचीने जवळपास दूधसागरएवढा.

दूधसागरची गोष्ट वेगळी. सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावरून नदी उतरते, एवढंच. गोव्यातलं सर्वांत उंच शिखर सोसोगडसुद्धा १२०० मीटर भरत नाही. १५ अंश अक्षांशावर एवढ्या उंचीला हिम टिकणं हिमयुगातही शक्य नव्हतं.

तरीही गोव्याच्या नकाशावर हिमनद्यांचा हात आहे, आणि मला यातला हाच भाग सर्वांत आवडतो. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी जगातलं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता. किनारा कितीतरी पश्चिमेला सरकला होता. मांडवी आणि जुवारी तेव्हा आजच्या मुखांच्या पुढे, उघड्या पडलेल्या जमिनीवरून वाहत होत्या. बर्फ वितळला, समुद्र चढला आणि दऱ्यांचे खालचे भाग बुडाले. मांडवीत भरतीचं पाणी पार आतल्या गांजे गावापर्यंत चढतं ते त्यामुळे. खाजनांना, म्हणजे खाडीकाठच्या सखल खाऱ्या शेतजमिनींना, बांध आणि मानस (भरतीचं पाणी अडवणारी दारं) लागतात, त्याचंही मूळ तिथेच.

प्रत्यक्ष हिमनदीने कोरलेली दरी बघायची असेल तर मनालीहून अटल बोगद्यापलीकडे लाहौलला जा. तिथल्या चंद्रा खोऱ्यातल्या हिमनद्यांचा अभ्यास करणारी सरकारी संस्था आपल्या वास्कोचीच आहे, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. मुख्य दरीच्या तळाकडे बघून झालं की बाजूच्या दऱ्यांची तोंडं किती वर उघडतात तेही बघा.