आधी आवाज शोधा, मग कर्ज

साताऱ्याहून एका शिक्षक वाचकांचं पत्र आलं आहे. त्यांची २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक ८८ हजार किलोमीटर चालली आहे. महिनाभरापासून इंजिनच्या पुढच्या बाजूने घरघर येते आणि सकाळी गाडी चालू करताना किर्र असा आवाजही होतो. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून कान दिला आणि सांगितलं, ‘टायमिंग चेनचं काम दिसतंय, इंजिन खोलावं लागेल, पंचावन्न हजार धरून चला.’ (टायमिंग चेन म्हणजे इंजिनच्या आतल्या भागांची हालचाल एकमेकांशी जुळवून ठेवणारी साखळी.) तिथून ते थेट शोरूममध्ये गेले. एक्स्चेंजला आधी १.७५ लाख सांगितले होते, आवाज ऐकल्यावर ते १.४० झाले. नवी गाडी ऑन-रोड ७.४० लाखांची आहे, म्हणजे ६ लाखांचं कर्ज, ९ टक्के दराने सात वर्षांसाठी. हातात पगार ६२ हजार, घराचा हप्ता १७,५००, मुलगी अकरावीत. हप्ता बसावा म्हणून मुलीच्या नावाची ८ हजारांची एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) थांबवायची तयारी आहे. ‘म्हाताऱ्या गाडीवर पंचावन्न हजार घालण्यात अर्थ आहे का?’ असं त्यांनी विचारलं आहे.

सर, पंचावन्न हजारांचा आकडा आला कुठून, ते आधी बघू. बॉनेट उघडून पाच मिनिटं ऐकलं आणि आकडा सांगितला. कोणता भाग वाजतोय हे कुणी शोधलेलंच नाही, आणि तुम्ही मात्र सात वर्षांचं कर्ज काढायला निघालात. माझा सल्ला असा की आवाजाचा ठावठिकाणा लागेपर्यंत शोरूमचा फोनसुद्धा उचलू नका.

इंजिनच्या ‘पुढच्या’ बाजूला काय काय असतं ते बघा. बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं, त्यामुळे ही बाजू रेडिएटरकडे नसून चाकाच्या अंगाला असते. तिथे क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवरून बेल्ट जातो आणि तो बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि पुष्कळ गाड्यांत इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंपही फिरवतो. यातल्या प्रत्येकाला बेअरिंग असतं आणि अकरा-बारा वर्षांत त्यातलं एखादं वाजू लागणं ही अगदी नेहमीची गोष्ट. टायमिंग चेन त्याच बाजूला, पण कव्हरच्या आत. बाहेरून ऐकणाऱ्याला दोन्ही आवाज एकाच ठिकाणाहून आल्यासारखे वाटतात, फक्त बिलात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. बेल्ट आणि ताण देणारी पुली बदलणं दोन-चार हजारांचं काम. अल्टरनेटरचं बेअरिंग किंवा वॉटर पंपही मजुरी धरून साधारण त्याच्याच आसपास. चेन निघाली तर मात्र हिशेब दहा हजारांच्या कितीतरी पुढे जातो.

तुमच्याच पत्रातल्या काही गोष्टी मला बेल्टकडे बोट दाखवणाऱ्या वाटल्या. सकाळी, दमट हवेत किर्र होतं आणि गाडी तापली की थांबतं, असं तुम्ही लिहिलंय. तो ढिल्या किंवा गुळगुळीत झालेल्या बेल्टचा स्वभाव आहे. चेन सैल झाली असेल तर थंड इंजिन चालू करताना पहिले काही सेकंद खडखड ऐकू येते, कारण तिला ताणून धरणाऱ्या भागापर्यंत ऑइलचा दाब पोचायला वेळ लागतो. तुम्ही खडखड कुठेच लिहिलेली नाही. (ऑइलची पातळी तेवढी डिपस्टिकवर आजच बघा. ती खाली गेली असेल तर चांगली चेनही वाजते.)

घरी बसल्या दोन-तीन गोष्टी पाहता येतील. एसी लावल्यावर घरघर बदलते का? कॉम्प्रेसरच्या पुलीचं बेअरिंग गेलं असेल तर एसी बंद असताना आवाज येतो आणि लावला की बरेचदा दबतो. हेडलाइट, ब्लोअर सगळं लावल्यावर किर्र वाढतं का? वाढलं तर अल्टरनेटरवर भार आला की बेल्ट घसरतोय. ॲक्सिलरेटरशी काहीच संबंध न ठेवता आवाज मधूनच येतो आणि जातो का? मग तो रेडिएटरच्या विजेवरच्या पंख्याचा, इंजिनचा नव्हेच. कूलंटची बाटली पुनःपुन्हा खाली जात असेल तर वॉटर पंपावर संशय घ्या.

खरा निकाल मेकॅनिककडेच लागतो. बेल्ट उतरवून इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवायचं. वॉटर पंपही बेल्टवरच असेल तर त्या वेळात पाणी फिरत नाही, म्हणून जास्त नको. आवाज गेला तर दोषी बेल्टवरचा कुणीतरी, मग एकेक पुली हाताने फिरवून कुठली खरखरते ते बघायचं. आवाज तसाच राहिला तर आत बघावं लागेल. हे काम अर्ध्या तासाचं आहे. दुसऱ्या, ओळखीच्या नसलेल्या मेकॅनिककडे जा, पाचशे-हजार रुपये तपासणीचे म्हणून आधीच ठरवा आणि ‘टायमिंग चेन’ हे शब्द तोंडातून काढू नका. फिरत्या बेल्टजवळ स्वतः हात घालू नका, एवढं बजावतो.

आता पैशांकडे येऊ. ६ लाख, ९ टक्के, ८४ महिने, म्हणजे हप्ता ९,६५३ रुपये. सात वर्षांत व्याज दोन लाख दहा हजारांच्या पुढे. त्यातही पहिल्या वर्षीचं व्याज ५१ हजारांच्या वर आहे. म्हणजे गॅरेजवाल्याचा सर्वांत भीतीदायक आकडा खरा धरला तरी तो नव्या कर्जाच्या साधारण वर्षभराच्या व्याजाएवढा भरतो. नोकरदाराला या व्याजावर करसवलतही नाही. ऑन-रोड किमतीतला रस्ता कर आणि विमा हे पैसे तर गाडी विकताना परत येतच नाहीत.

दोन्ही हप्ते मिळून २७,१५३ होतात, पगाराच्या जवळजवळ ४४ टक्के. मी चाळीसच्या वर कुणालाच जाऊ देत नाही. आणि जी एसआयपी थांबवायची म्हणता, तिची गरज बरोबर दोन वर्षांनी, मुलीच्या प्रवेशाच्या वेळी आहे. फक्त हप्तेच मोजले तरी तोवर १.९२ लाख कमी जमतील. मग तेव्हा शैक्षणिक कर्ज काढायचं का?

शोरूमवाल्याने जीएसटी कमी झाल्याचं सांगितलं, ते खरं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला आणि सेसही गेला. पण ही काही दिवाळी ऑफर नव्हे, त्यासाठी याच महिन्यात सही करायची घाई कशाला?

विम्यातून खर्च निघेल का, असंही तुम्ही विचारलंय. नाही निघणार. सर्वसमावेशक पॉलिसीतही झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात.

मी असं करीन. तुमची १.८० लाखांची आणीबाणीची एफडी आहे, ती अशाच वेळेसाठी. बेल्टवरचं काही निघालं तर डोळे झाकून दुरुस्त करा. चेन निघाली तर दोन ठिकाणची लेखी अंदाजपत्रकं घ्या. ३५-४० हजारांपर्यंत दुरुस्ती माझ्या मते परवडते, कारण नोंदणी २०२९ पर्यंत आहे आणि त्यातली निदान तीन वर्षं तुम्हाला काढायची आहेत. दरमहा ५ हजार टाकून एफडी पुन्हा भरा. एसआयपीला हात लावू नका. मात्र सायलेन्सरमधून निळा धूर, ऑइल पिणं किंवा खालून ठोके असं काही आढळलं तर पैसे ओतू नका, गाडी आहे तशी विका. त्या परिस्थितीतही नवीकोरी नको, तीन-साडेतीन लाखांची चार-पाच वर्षं वापरलेली बघू.

टाळाटाळ तेवढी नको. वॉटर पंपाचं बेअरिंग जाम होऊन बेल्ट तुटला तर इंजिन तापतं, हेड गॅस्केट जातं आणि मग खरोखरच पंचावन्न हजारांचं बिल येतं. तपासणी होईपर्यंत पुण्याची फेरी एसटीने करा. तापमानाचा किंवा बॅटरीचा लाल दिवा लागला तर तिथेच गाडी थांबवा.

नवी गाडी तुम्हाला मनापासून हवी असेल तर त्यात काही चूक नाही. पत्रात रंगही लिहून टाकलाय तुम्ही! दोन वर्षांनी, मुलीचा प्रवेश झाला की पुन्हा लिहा, निम्मे पैसे रोख देऊन आणि कर्ज पाच वर्षांच्या आत ठेवून गणित मांडू. आणि जुनी विकायचीच ठरली तरी आधी दुरुस्त करून विका. आवाजाचं कारण माहीत नसेल तर घेणारा सर्वांत वाईट शक्यता धरूनच भाव कापतो. तुमचे ३५ हजार असेच गेले. दुरुस्तीचं बिल आणि काढलेले जुने भाग मागून घ्या आणि मूल्यमापन करणाऱ्यापुढे ठेवा.