पंच: ठोसा, पेय की बाहुला?

प्रश्न असा आलाय की बॉक्सरचा पंच, पार्टीतला फ्रूट पंच आणि आपला पंचनामा हे सगळे एकाच 'पंच'मधून निघालेत का. तर नाही. इंग्रजीत त्या एका स्पेलिंगमागे निदान तीन वेगळे शब्द आहेत आणि त्यातला एक आपल्याकडून गेला असावा. 'असावा' म्हणतोय, कारण त्यात एक भानगड आहे.

आधी ठोशाचं बघू. हा फ्रेंचमधून आलेला, तिथे टोकदार हत्याराला जो शब्द होता त्यातला, म्हणजे मूळ अर्थ टोचणं, भोसकणं, भोक पाडणं. मुठीने मारणं हा अर्थ नंतर चिकटला. त्यामुळे कागदाला भोकं पाडायचं पंचिंग मशीन हे बॉक्सरपेक्षा मुळाला जास्त जवळचं! आणखी मागे लॅटिनपर्यंत गेलं तर पंक्चर, पॉइंट, पंक्चुअल हे सगळे याचेच भाऊबंद निघतात. अमेरिकेत गुराख्याला काऊपंचर म्हणतात तेही तो गुरांना काठीने ढोसून हाकतो म्हणून, गाईला बुक्के घालतो म्हणून नव्हे. पंचलाइन बहुतेक याच ठोशातली.

आता पेय. इंग्रजीत हा शब्द 1632 पासून सापडतो, तोही ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसाच्या पत्रात, त्यामुळे हिंदुस्थानकडे बोट जाणारच. जॉन फ्रायर नावाचा कंपनीचा डॉक्टर 1670 च्या दशकात आपल्या किनाऱ्यावर हिंडला, त्याचं पुस्तक 1698 मधे छापलं गेलं, त्यात तो लिहितो की गोव्याकडे नेरूळला उत्तम अरक, म्हणजे गाळलेली दारू, मिळतो (हे नवी मुंबईतलं नेरूळ नव्हे हां) आणि त्यातून इंग्रज लोक 'पाँच' नावाचं अंगातली ताकद काढून घेणारं पेय बनवतात, पाच जिनसा असतात म्हणून ते नाव. जिनसा साधारण अशा सांगतात: अरक, साखर, लिंबाचा रस, पाणी, मसाला. थोडक्यात दारुड्यांचं पंचामृत.

भानगड अशी की 1638 च्या सुमाराला सुरतेला आलेल्या मँडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने याच पेयाच्या जिनसा चारच दिल्यात. शिवाय त्या काळी इंग्रज 'पुंच'च्या जवळपास उच्चार करत, आणि 'पाच' किंवा 'पंच'चा 'पुंच' का व्हावा हे नीट सुटत नाही. म्हणून काही जण म्हणतात की पंचन नावाचं दारूचं मोठं पिंप असायचं, त्यावरून हे नाव पडलं. मला स्वतःला पाचवालीच व्युत्पत्ती पटते, कारण सुरुवातीचे सगळे उल्लेख इकडे आलेल्या युरोपियनांचेच आहेत, पण पैज लावणार नाही.

तिसरा पंच म्हणजे बाहुला. इटलीतल्या नाटकातला पुलचिनेला नावाचा बाकदार नाकाचा विदूषक इंग्लंडात जाऊन आधी पंचिनेलो आणि मग नुसता पंच झाला. सॅम्युअल पेपीस या इंग्रज डायरीकाराने 1662 च्या मे महिन्यात लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधे त्याचा खेळ बघितल्याचं डायरीत लिहिलंय, आणि 1669 मधे तोच लिहितो की जाड्या बुटक्या कशालाही लोक आता पंच म्हणायला लागलेत. सफोक पंच ही घोड्याची आडवी दणकट जात आहे, तिचं नाव याच अर्थाने. लंडनचं 'पंच' हे विनोदी साप्ताहिक 1841 मधे निघालं तेही या बाहुल्याच्या नावाने, पण त्याच्या पहिल्या संपादकांपैकी एकाचं आडनावच लेमन, त्यामुळे लेमनशिवाय पंच कसला हा विनोद तेव्हाच होऊन गेला. त्याची नक्कल आपल्याकडेही झाली, 1877 मधे लखनौहून उर्दू 'अवध पंच' निघालं.

राहिला पंचनामा. तो आपल्या पंचायतीतल्या पंचांचा, म्हणजे संस्कृत पाचचा, इंग्रजीशी काही संबंध नाही, आणि क्रिकेटच्या मॅचमधले पंच तेही हेच. म्हणजे पेयाची व्युत्पत्ती खरी धरली तर पंचनामा आणि फ्रूट पंच हे लांबचे नातेवाईक, आणि बॉक्सर मात्र पूर्ण परका.