सोलापुरात तबला शिकतोय, व्हिडिओ बघून 'ना' हा बोल नीट निघत नाही. गुरूंकडे जावं का?

नक्की जा. 'ना' नुसत्या जोरानं निघत नाही. अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला हलकी टेकलेली हवी आणि तर्जनी चाटेवर (कडेच्या पट्टीवर) पडून लगेच उठायला हवी. अनामिका जास्त दाबली की आवाज मरतो, सुटली की घुमतो. हा दाब व्हिडिओत दिसत नाही. गुरुजी स्वतःच्या हातानं तुमचं बोट बसवतात, तेव्हा कळतो.

शिकवणी लावण्याआधी तिथे एकदा बसून बघा. विद्यार्थ्याच्या हाताकडे बघणारे, मनगट आखडलं की तिथंच थांबवणारे गुरू हवेत. वहीत बोल उतरवून देणं पुरेसं नाही. परीक्षांचं नंतर बघता येईल.

सुरुवातीला ना, तिं, गे, धा आणि तिरकिट, तेही संथ लयीत. कायद्याची (बोलांची रचना आणि तिचा विस्तार) घाई अजिबात नको, चुकीचं वळण लागलेला हात सुधारायला फार वेळ जातो. डाव्या हाताच्या डग्ग्यावर मनगट टेकलेलंच ठेवा.

आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोरड्या हवेनं तबल्याचा सूर चढतो. रियाजाआधी गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या चामड्याच्या वेणीवर) खालून हलके ठोके देऊन सुरात आणा. चढलेल्या तबल्यावर कान फसतो.