रानफळांच्या बिया का उगवल्या नाहीत, आणि रानातलं फळ खाण्याजोगं आहे हे ओळखायचं कसं?

तुम्ही विचारलंय ते असं: सह्याद्रीच्या पायथ्याशी वडिलोपार्जित दोन एकर जमीन आहे, बांधावर जांभूळ, मोह, चारोळी, करवंद आणि कोकम लावायचंय. गेल्या हंगामात बिया गोळा केल्या, उन्हात खडखडीत वाळवल्या, डब्यात भरून ठेवल्या आणि यंदा पेरल्या, तर एकही उगवली नाही. शिवाय कुठलं रानफळ खायचं, कुठलं नाही, हे सांगणारं घरात आता कुणी उरलेलं नाही.

चूक वाळवण्यात झाली. ज्वारी-बाजरीचं बी वाळवून जपायची आपल्याला पिढ्यान् पिढ्यांची सवय, पण पावसाच्या तोंडावर पिकणाऱ्या झाडांचं बी त्याच पावसात रुजण्यासाठी घडलेलं असतं. जांभूळ, मोह, करवंद आणि कोकम यांचं बी ओल आहे तोवरच जिवंत. सुकलं की आतला अंकुर मेला, मग कितीही भिजवा. म्हणून या चौघांचा नियम एकच: फळ खाल्लं, बी धुतलं, त्याच आठवड्यात मातीत गेलं.

जांभळाची आठोळी धुऊन दोन-तीन सेंटीमीटर खोल पेरा. एकाच बीतून बऱ्याचदा दोन-तीन रोपं वर येतात. त्यातलं जोमदार ठेवून बाकीची कात्रीने कापा. उपटलीत तर राहिलेल्याचीही मुळं हलतात. मोहाचं फळ जून-जुलैत पिकून पडतं. आतली तपकिरी, चकचकीत बी दोन-तीन आठवड्यांत निकामी होते. ती आडवी ठेवून वर जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर माती घाला. खोल गेली की कुजते. करवंदाचं बी गराचा चीक जाईपर्यंत राखेत चोळून धुवा, नाहीतर मुंग्या ओढून नेतात.

कोकमाचं मात्र बी लावूच नका असं मी सांगेन. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून वाढवलेल्यांत साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळतं सहा-सात वर्षांनी, फूल आल्यावर. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ किंवा ‘कोकण हातीस’ या जातींची कलमं घ्या. घेताना एवढं बघा की कलमाची काडी सरळ उभ्या वाढणाऱ्या शेंड्याची आहे. आडव्या फांदीची काडी बांधलेलं कलम जन्मभर आडवंच पसरतं, झाडाचा आकार धरत नाही.

चारोळीचं गणित वेगळं, आणि यात लोक सर्वांत जास्त फसतात. पहिली गोष्ट, बी पक्व हवं. चारोळीचं फळ एप्रिल-मेमध्ये हिरव्याचं जांभळट काळं होतं. आपण थांबलो तर दुसरा नेईल या भीतीने जंगलात ते हिरवं असतानाच ओरबाडलं जातं. तशा फळाच्या बाठीतला दाणा भरलेला नसतो, म्हणून ते बाजारातही हलकं पडतं आणि रुजतही नाही. चारोळीच्या झाडाखाली रोपं दिसेनाशी झाली त्याचं हे एक मोठं कारण. तेव्हा काळी पडलेली फळंच घ्या, रात्रभर पाण्यात टाका, सकाळी गोणपाटावर चोळून साल-गर काढा. मग बाठी पाण्यात सोडा आणि तरंगतील त्या फेका, त्या पोकळ असतात. राहिलेल्या सावलीत सुकवा, उन्हात नाही. बाठीतला दाणा तेलकट असतो, उन्हाने खवट होतो आणि उगवणही जाते. जूनपर्यंत इतपत साठवण चालते.

एक बाठ बोटांत धरून नीट पाहा. मसुरीच्या मोठ्या दाण्यासारखी, दोन्ही बाजूंनी फुगीर आणि कडेने बारीक शिवण. पेरण्याआधी 24 तास भिजवून ती शिवण वर येईल अशी धरा आणि छोट्या हातोडीने कडेवर हलकी टिचकी द्या. शिवणीला केसाएवढी चीर गेली की बस. आतल्या दाण्याला ओरखडा जरी आला तरी बुरशी धरते, त्यामुळे हात बसेपर्यंत दहा-वीस वाया जातील हे धरून चाला. न फोडताही काही उगवतात, पण मागेपुढे, कमी प्रमाणात. चारोळीचं सोटमूळ खूप लवकर खोल जातं, छोट्या पिशवीत ते तळाशी गुंडाळतं आणि असं रोप लावल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात मरतं. म्हणून पहिल्या दमदार पावसानंतर जागेवरच तीन-तीन बाठी दोन सेंटीमीटर खोल टोका आणि भोवती काटेरी फांद्या रचा. बाकीच्या झाडांची रोपं लांबट पिशवीत करा: दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू. पुढच्या पावसाळ्यात दीड फुटी खड्ड्यात लावा.

जुन्या मोहाखालीही रोप का दिसत नाही, तेही सांगून ठेवतो. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून मार्चमध्ये झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, त्यात मागच्या वर्षीची रोपं जातात. तुमच्याकडे जुनं झाड असेल तर आग न लावता खाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरा. फुलं मातीलाही लागत नाहीत.

आता खाण्याचं. नुसत्या नावावर अजिबात विसंबू नका. ‘अळू’ म्हटलं की पानांची भाजी डोळ्यांसमोर येते, पण अळू नावाचं काटेरी झाडही आहे. त्याचं फळ पाडून गवतात पिकवतात आणि तपकिरी, मऊ झाल्यावर खातात. त्याच रानात गेळ वाढतो. तोही काटेरी, फळ तसंच गोल. गेळाचं फळ म्हणजे मदनफळ, आयुर्वेदात वमनासाठी वापरतात ते. खाल्लं तर उलट्या होतात. दोन्ही कापून बघा: अळूत चार-पाच टणक बिया असतात, गेळात गरात रुतलेल्या पुष्कळ बारीक बिया. शिवाय गेळाच्या फळाच्या टोकावर फुलाच्या पाकळ्यांखालच्या हिरव्या दलांचा ठळक मुकुट राहिलेला असतो. दुसरा धोका काजऱ्याचा, म्हणजे कुचल्याचा. नारिंगी, गुळगुळीत, संत्र्यासारखं देखणं फळ. आत शर्टाच्या बटणासारख्या चपट्या बिया. त्या जीवघेण्या विषारी आहेत. लहान मुलांना हे फळ आधी दाखवा आणि मग रानात न्या.

बिब्बा लावायचा विचार असेल तर घरापासून दूर. फळाच्या टोकाशी लोंबणाऱ्या काळ्या बीच्या सालीत दाहक तेल असतं. ते अंगाला लागलं की फोड येतात, यालाच बिब्बा उतणं म्हणतात. खातात ते वरचं पिकलेलं नारिंगी बोंड, तेही भाजून, आणि बी फोडून काढलेली गोडंबी. शिकल्याशिवाय फोडायला जाऊ नका. हाताला तेल किंवा राख लावूनही बोटं भाजतात. लाकूड चुलीत घालू नका, धूरही बाधतो.

गावातल्या वयस्कर बायकांना विचाराल तेव्हा ‘कुठली रानफळं खायचात?’ असं विचारू नका, दोन नावं सांगून त्या थांबतील. पिकलेलं फळ हातात घेऊन जा आणि विचारा: हे कधी पाडायचात, कशात पिकवायचात, यातलं काय टाकून द्यायचात, कोणाला देत नसत, खाऊन त्रास झाला तर काय करायचात. उत्तर तिथीसकट लिहा, पानाफुलाचा फोटो जोडा. 2002 च्या जैविक विविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असते, ती मागून पाहा आणि तुमची माहिती तीत घालायला सांगा. राखीव जंगलातून बी आणायचं असेल तर आधी ग्रामसभा आणि वनविभागाला विचारा.

या जूनला जांभूळ आणि करवंदापासून सुरुवात करा, ही दोन्ही सहज उगवतात. मोह लगेच त्यांच्या मागोमाग. चारोळीसाठी पुढच्या मेपर्यंत थांबा आणि फळ काळं पडेपर्यंत झाडाला हात लावू नका.