वाचकांचे प्रश्न : रुग्णांच्या सोयीच्या वस्तूंचा ब्रँड

प्रश्न : घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीच्या आजारपणामुळे आम्हाला रुग्णालयात बराच काळ काढावा लागला. मागून उघडा राहणारा गाऊन, फरशीवर घसरणारे मोजे, कोरडे पडणारे ओठ आणि रात्रभर डोळ्यांवर येणारा उजेड अशा बारीकसारीक गोष्टींनी रुग्ण किती हैराण होतो, हे तेव्हा जवळून पाहिले. मी शिवणकामाच्या व्यवसायात आहे आणि माझी मैत्रीण जाहिरातींच्या मांडणीचे काम करते. आम्ही दोघींनी रुग्णांच्या सोयीच्या चौदा वस्तूंची यादी केली आहे. तिच्यात गाऊन, मोजे, उशी, मध्ये भोक असलेली गोल गादी, डोळ्यांवरची पट्टी, लिप बाम, सुगंधी तेल इत्यादी वस्तू असून या सर्वांची एक भेटपेटीही काढायची आहे. नाव ठरले आहे आणि लाल क्रॉस असलेले बोधचिन्हही तयार आहे. रुग्णालयांना माल द्यावा की थेट ग्राहकांना विकावा, आणि ब्रँडची उभारणी कोठून सुरू करावी?

उत्तर : बोधचिन्हापासूनच सुरुवात करतो, कारण वेष्टने अजून छापून झाली नसतील तर तेवढा खर्च वाचेल. पांढऱ्यावर लाल क्रॉस म्हणजे आरोग्याची सर्वसाधारण खूण, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कराराने हे चिन्ह सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेसाठी आणि रेडक्रॉस चळवळीसाठी राखून ठेवले आहे, आणि त्या कराराचे ५३ वे कलम खासगी व्यक्तींना व व्यापारी संस्थांना ते चिन्ह किंवा त्याची नक्कल वाटेल अशी कोणतीही खूण वापरण्यास मनाई करते. तेव्हा बोधचिन्ह बदलावेच लागेल. नावाची नोंदणी करतानाही एक गोष्ट ध्यानात असू द्या. व्यापारचिन्हांच्या नाइस वर्गीकरणात एकूण ४५ वर्ग आहेत आणि तुमची यादी त्यांतील चार-पाच वर्गांत विखुरते : कपडे व मोजे २५ मध्ये, साध्या उशा २० मध्ये, चादरी-पांघरुणे २४ मध्ये, औषधी नसलेली प्रसाधने ३ मध्ये आणि वैद्यकीय उपयोगाच्या वस्तू १० मध्ये. प्रत्येक वर्गाचे शुल्क सामान्यतः वेगळे असल्याने चौदा वस्तूंचा हट्ट येथूनच महाग पडू लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या धंद्यात पैसे देणारा एक असतो, वस्तू वापरणारा दुसरा असतो आणि ती वापरू द्यायची की नाही हे ठरवणारा तिसराच असतो. पैसे बहुधा मुलगी, भाऊ किंवा मित्र देतो आणि तो काळजीच्या भरात खरेदी करतो. वापरणाऱ्याला वस्तू निवडायची संधीच मिळालेली नसते. आणि वॉर्डातील सिस्टरने ‘हे काढून ठेवा’ असे एकदा म्हटले, की तुमचा सुबक गाऊन खाटेशेजारच्या कपाटात जातो व डिस्चार्जच्या दिवशी घडी न मोडता घरी परततो. नवे उद्योजक आपली सगळी बुद्धी पहिल्या व्यक्तीवर, म्हणजे खरेदीदारावर, खर्च करतात. माझ्या मते या क्षेत्रात नाव होते ते तिसऱ्या व्यक्तीमुळे. परिचारिकेचे काम जी वस्तू सोपे करते, तिची शिफारस ती पुढच्या दहा नातेवाइकांना करते. जी तिच्या कामात आडवी येते, तिच्याविषयी ती काही बोलत नाही, पण ती वस्तू तिथेच संपते.

तुम्ही शिवणकामातील जाणकार आहात, म्हणून गाऊनचेच उदाहरण घेऊ. रुग्णालयाचा गाऊन मागून उघडा असतो तो कोणी रुग्णाची फजिती करावी म्हणून नव्हे. आडव्या पडलेल्या, हाताला सलाईन लावलेल्या माणसाला न उठवता तो घालता-काढता यावा, हे त्यामागचे कारण आहे. तेव्हा नुसता ‘अंग झाकणारा’ गाऊन शिवून भागत नाही. सलाईन चालू असताना बाही डोक्यावरून ओढता येत नाही, त्यामुळे खांद्यापासून मनगटापर्यंत टिचबटणांनी पूर्ण उघडणारी बाही लागते. केमोथेरपीसाठी कॉलरबोनखाली पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली ठेवलेली छोटी डबी) बसवलेला असेल, तर छातीच्या वरच्या भागात वेगळी उघडझाप हवी. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर ड्रेनच्या, म्हणजे जखमेतील द्रव बाहेर काढणाऱ्या, नळ्या व तो द्रव साठवणारे त्यांचे फुगे लोंबकळत राहतात. त्यांना आतून खिसा हवा, कारण ते पिनेने अडकवून हिंडणे हा एक स्वतंत्र ताप असतो. बटणे प्लॅस्टिकची असावीत, कारण धातूची बटणे एमआरआयच्या खोलीत चालत नाहीत. आणि ‘जंतुरोधक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही कापडांत चांदीचे धागे असतात, तेही त्या यंत्रात तापून कातडी भाजण्याचा धोका असतो. पाठीमागे, विशेषतः माकडहाडाच्या जागी, जाड शिवण नको आणि मानेपाशी टोचणारे लेबलही नको. दिवसातील वीस तास जो पाठीवर पडून असतो, त्याला एक दोराही वळासारखा रुततो. तुमचे नाव जर मानेमागच्या त्या लेबलावर छापलेले असेल, तर रुग्ण त्या नावाला काय म्हणत असेल याची कल्पना करा.

कापडाची परीक्षा धुलाईत होते. इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्यसेवेच्या मार्गदर्शिकेनुसार रुग्णालयीन कपडे ६५ अंश सेल्सिअसवर किमान दहा मिनिटे किंवा ७१ अंशांवर किमान तीन मिनिटे धुतले जातात. या तापमानात साधे इलॅस्टिक थोड्याच धुण्यांत ढिले पडते, गडद रंग उतरतो आणि वेल्क्रोत धाग्यांचा गुंता साचून ते चिकटेनासे होते. विक्रीपूर्वी एकच नमुना पन्नास वेळा असा धुऊन पाहा. ती कसोटी उतरलेला गाऊन मऊ कापडाच्या दहा वर्णनांपेक्षा अधिक बोलतो. रंग व प्रक्रियाद्रव्ये त्वचेला निर्धोक असल्याची खात्री देण्यासाठी ओको-टेक्स स्टँडर्ड १०० सारखे प्रमाणपत्र असलेलेच कापड घ्यावे. त्यात थेट त्वचेला लागणाऱ्या कपड्यांचा वर्ग वेगळा आहे.

यादीतील काही वस्तू मात्र मी आजच खोडेन. सुगंधी तेल त्यांत पहिले. केमोथेरपी घेणाऱ्या अनेकांना एरवी आवडणाऱ्या वासानेही मळमळते, आणि शेजारच्या खाटेवरील दमेकऱ्याने तुमचा सुगंध मागवलेला नसतो. मध्ये भोक असलेली गोल गादी दुसरी. बसताना दुखू नये म्हणून ती सर्रास विकली जाते, परंतु तिच्या कडांवर दाब एकवटून मधल्या भागाचा रक्तपुरवठा रोडावतो, म्हणून बेडसोअर (सतत पडून वा बसून राहिल्याने होणाऱ्या जखमा) टाळण्यासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना अशा कड्यासारख्या गाद्या वापरू नयेत असेच सांगतात. शेकण्याची पिशवी यादीत असेल तर तीही नको. केमोमुळे किंवा मधुमेहामुळे ज्याच्या पायांची संवेदना गेली आहे, त्याला भाजल्याचे कळतही नाही. लिप बाम ठेवा, पण तो बिनवासाचा आणि पाण्याच्या आधारावरचा असावा, कारण ऑक्सिजन चालू असलेल्यांना पेट्रोलियम जेलीची व इतर तेलकट मलमे नाकातोंडापाशी लावू नयेत अशी सूचना दिली जाते. भेटपेटीविषयी मला मुळातच फारसे प्रेम नाही. त्यात देणाऱ्याचे समाधान अधिक आणि घेणाऱ्याच्या खाटेवर अडगळ अधिक. काढायचीच असेल, तर तिच्यात ताजी फुले व रबरी फुगे नकोत. अतिदक्षता विभागात आणि प्रतिकारशक्ती घटलेल्या रुग्णांच्या वॉर्डात फुलांना बहुधा मज्जाव असतो, आणि लॅटेक्सच्या ॲलर्जीमुळे अनेक रुग्णालये फुगे आतच येऊ देत नाहीत.

मग उरते काय? माझा सल्ला असा, की एका शस्त्रक्रियेचा किंवा एका उपचाराचा रुग्ण निवडा आणि त्याच्यापुरती एकच वस्तू निर्दोष करा. हृदयाच्या शस्त्रक्रियेत छातीचे हाड मधोमध उघडलेले असते, म्हणून खोकताना छातीशी घट्ट धरण्यासाठी रुग्णाला उशी दिली जाते. तिचा आकार, घट्टपणा व धुता येणारे आवरण यांवर काम करण्याजोगे पुष्कळ आहे. त्याहून साधी कल्पना हवी असेल, तर खाटेच्या कठड्याला अडकवायची, एका हाताने उघडणारी पिशवी करा. चष्मा, श्रवणयंत्र आणि दातांची कवळी या वस्तू रुग्णालयात हमखास हरवतात : चादरीत गुंडाळून धुलाईला जातात किंवा जेवणाच्या ताटाबरोबर उचलल्या जातात. श्रवणयंत्र हरवलेल्या माणसाला डॉक्टरांचा राऊंडच ऐकू येत नाही. या पिशवीत डोळ्यांत भरण्यासारखे काही नाही हे खरे, पण तिचा उपयोग सिस्टरला पहिल्याच दिवशी कळतो.

विक्रीविषयी थोडक्यात. रुग्णालयाची खरेदी निविदा, किमान दर आणि लांबलेली उधारी यांवर चालते आणि तेथे तुमचे नाव सामायिक धुलाईच्या ढिगात बुडून जाते. सुरुवातीच्या भांडवलावर तो ताण घेऊ नये. आधीपासून ठरलेल्या शस्त्रक्रियांचे रुग्ण हा तुमचा खरा ग्राहक. त्यांच्या हातात तारीख असते, सामानाची यादी करायला वेळ असतो आणि शस्त्रक्रियेपूर्वीच्या सल्लाभेटीत त्यांना परिचारिका भेटते. त्या परिचारिकेकडे नमुना ठेवा, तिचा शेरा मागा आणि तो शेरा कितीही कडवट असला तरी पुढच्या नमुन्यात उतरवा.

प्रश्न : याच व्यवसायात मी नुकताच आलो आहे. मोज्यांवर ‘पडण्यापासून संरक्षण’ आणि डोळ्यांच्या पट्टीवर ‘लवकर बरे व्हा’ असे छापल्यास खप वाढेल, असे वितरक सांगतो. तसे छापावे काय?

उत्तर : छापू नये. कारण केवळ नैतिक नाही. एखादी वस्तू वैद्यकीय उपकरण ठरते की नाही, हे पुष्कळदा उत्पादकाने सांगितलेल्या उद्दिष्टावरून ठरते. युरोपीय संघाच्या २०१७/७४५ या नियमावलीत तर हे उद्दिष्ट वेष्टन, वापराच्या सूचना आणि जाहिरातीचा मजकूर यांवरून पाहावे असे स्पष्टच म्हटले आहे. याचा अर्थ असा, की ‘मऊ, दोन्ही बाजूंनी पकड असलेले मोजे’ हा कपडा राहतो. त्यावर आजार टाळण्याचा किंवा बरा करण्याचा दावा आला, की तोच मोजा चाचण्या, कागदपत्रे व नोंदणी यांच्या कक्षेत जाऊ शकतो. वितरक तेव्हा शेजारी उभा नसतो.

शिवाय दाव्याला आधार किती आहे, तेही पाहावे. पकड असलेल्या मोज्यांनी रुग्ण पडण्याचे प्रमाण घटते, याचा पुरावा भक्कम नाही. ते वापरण्याजोगे आहेत. मोजा पायावर फिरला तरी पकड खालीच राहावी म्हणून ती दोन्ही बाजूंना असावी आणि सुजलेल्या पायाला वरची कड आवळू नये, एवढे मात्र पाहा. झोपेच्या बाबतीत सांगण्यासारखे सत्य पुरेसे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वॉर्डातील रात्रीचा आवाज सरासरी ३० डेसिबलपर्यंत असावा. प्रत्यक्षात यंत्रांचे भोंगे, चाकांच्या ट्रॉल्या आणि बोलणे यांमुळे तो त्याच्या कितीतरी वर जातो. तेव्हा पट्टीवर ‘उजेड अडवते, कानांवर दाब देत नाही’ असे लिहिले तर ते खरेही आहे आणि ग्राहकाला पटणारेही.

आणखी एक पथ्य. जाहिरातीतला रुग्ण नेहमी उशीला टेकून हसत असतो; तुमचा तसा नसावा. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये रुग्णांनी गाऊन व रात्रीचे कपडे बदलून रोजचे कपडे घालावेत आणि हालचाल करावी यासाठी सत्तर दिवसांची मोहीम राबवली गेली, कारण वृद्ध माणूस अंथरुणात पडून राहिला की स्नायूंची ताकद झपाट्याने जाते. त्याला अधिक काळ खाटेवर थांबावेसे वाटेल अशी वस्तू कितीही मऊ असली, तरी डॉक्टर तिच्या विरोधातच उभे राहतील.

प्रश्न : आमच्या वस्तू वापरणाऱ्या रुग्णांची छायाचित्रे आणि अनुभव प्रसिद्ध करावेत का? विक्रीनंतर ग्राहकांशी संपर्क कसा ठेवावा?

उत्तर : वेदनाशामकाच्या अमलाखाली असलेल्या माणसाची संमती ही संमती नव्हे. डिस्चार्ज होऊन तो घरी स्थिरावल्यावर, लेखी आणि केव्हाही मागे घेता येईल अशीच संमती घ्यावी. छायाचित्रात मनगटावरची पट्टी, खाटेवरचा फलक किंवा मागचा दुसरा रुग्ण दिसणार नाही हे स्वतः तपासावे. बऱ्याचदा हातांचे आणि वस्तूचे छायाचित्र पुरेसे होते.

संपर्काच्या बाबतीत इतर दुकानांचे शिरस्ते येथे चालत नाहीत. आपोआप जाणारा ‘आमचा गाऊन कसा वाटला?’ हा संदेश ज्या घरी पोहोचेल, तेथे तो गाऊन घालणारी व्यक्ती कदाचित हयात नसेल. म्हणून खरेदीच्या वेळीच पुढील संदेश हवेत का हे विचारा, न विचारता काही पाठवू नका, आणि संपर्क बंद करण्यासाठी कारण मागू नका. न उघडलेली वस्तू परत घेताना मुदतीची घासाघीस करू नये. ‘आता गरज उरली नाही’ एवढे एक वाक्य फोनवर आले, तर पैसे परत करावेत आणि ‘का?’ हा प्रश्न विचारायचा नाही, असे फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्याला पहिल्या दिवशीच शिकवावे.