टिनाखालचं औषध

प्रश्न : बाबांना शुगर आहे, आईला बीपी. तालुक्याच्या फेऱ्या वाचाव्यात म्हणून तीन महिन्यांची औषधं एकदमच आणतो. घरावर टिनपत्रे आहेत. गोळ्या देवळीत ठेवतो, इन्सुलिन फ्रीजमध्ये. पण उन्हाळ्यात लाइन तासन्‌तास जाते. औषध खराब होत असेल का?
– एक वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, आधी सांगा, त्या देवळीत आणखी काय आहे? फवारणीची बाटली असेल तर पुढचं नंतर वाचा, आधी ती घराबाहेर कुलपात ठेवून या. आपल्याकडे दोन्हींना ‘औषध’च म्हणतात. २०१७ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, हे तुम्हाला मी काय सांगावं!

गोळ्यांच्या स्ट्रिपवर बारीक अक्षरात २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ गाठतो, आणि टिनाखालच्या फळीवर तर विचारू नका. मी सरकारी औषध भांडारात नोकरी केली, तिथे रोज थर्मामीटर बघायचो. घरी मात्र माय बीपीच्या गोळ्या देवाच्या फोटोमागे ठेवायची, समईच्या शेजारी! मातीची जाड भिंत असलेल्या, ऊन न येणाऱ्या खोलीत, खालच्या बाजूला घट्ट झाकणाचा डबा ठेवा. नातवंडं असतील तर पेटीला कुलूप लावा. चूल आणि न्हाणी यांच्यापासून लांबच. साध्या गोळ्या फ्रीजमध्ये नकोत, तिथे ओल धरते. स्ट्रिप कापताना तारखेची बाजू शेवटी ठेवा.

आता इन्सुलिन. न उघडलेली शिशी २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या मधल्या खणात ठेवायची. दारात नको आणि बर्फाच्या कप्प्याजवळ तर नकोच. मी स्वतः सासऱ्यांची शिशी त्या कप्प्याला खेटून ठेवली होती. गोठली. वितळल्यावर दिसायला अगदी पहिल्यासारखीच, पण फेकावी लागली. इतकी वर्षं भांडार सांभाळून ही माझी हुशारी!

लाइन गेली की फ्रीज उघडू नका, तीन-चार तास गारवा टिकतो. चालू शिशी साधारण चार आठवडे फ्रीजबाहेर चालते, पण २५ ते ३० अंशांच्या आतच. नेमका आकडा शिशीसोबतच्या कागदावर बघा. चालू शिशी एवढी गार ठेवायला दोन माठ घ्या, एकात एक. मधल्या जागेत वाळू भरून ती ओली ठेवा, शिशी प्लास्टिकच्या बंद डबीत घालून आतल्या माठात ठेवा आणि वर ओलं फडकं टाका. हा आपला कूलरच, कोरड्या उन्हाळ्यात छान चालतो. पावसाळ्यात दमट हवेत मात्र भरवसा नाही. आणि फ्रीजइतका गार तो कधीच होत नाही, म्हणून साठ्याच्या शिश्या त्यात नकोत.

गोळ्या तीन महिन्यांच्या आणा, हरकत नाही. इन्सुलिन मात्र मार्च ते जून महिन्या-महिन्यालाच. एक फेरी वाढेल, वाढू द्या. पाण्यासारखं स्वच्छ असणारं इन्सुलिन गढूळ दिसलं, किंवा दुधाळ इन्सुलिन हलवूनही गुठळ्या राहिल्या, तर ती शिशी वापरू नका. औषध वेळेवर घेऊनही बाबांची शुगर चढत असेल तर स्वतःच्या मनानं डोस वाढवू नका, शिशी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ती कुठे ठेवली होती तेही सांगा.